राहू द्या

१

पासपोर्ट आले तेव्हा माझी भाची हसत होती. तिने पाकीट फाडलं, पान उलटलं आणि म्हणाली, "मावशी, हे नव्वद दिवस कसले?"

मी चष्मा पुसून पाहिलं. नव्वदच होते. अल्प मुदत, एकटी व्यक्ती. तिच्या सहा वर्षांच्या लेकीचा, आमच्या भिंगरीचा, पासपोर्ट जसा गेला होता तसाच कोरा परत आला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाची नर्स आहे. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून रात्रपाळ्या करता करता तिने परदेशातल्या एका हॉस्पिटलची परीक्षा दिली, तिथली भाषा शिकायला घेतली आणि दोन वर्षांची नोकरी मिळवली. पहिले तीन महिने प्रशिक्षण, पुढे काम. त्याला दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो आणि त्यावर मूल सोबत नेता येतं. अल्प मुदतीवर नुसतं प्रशिक्षण घेता येतं, तेही एकटीने. रुजू व्हायला तेवीस दिवस उरले होते. म्हणजे लेकीला इथे टाकून जायचं, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं.

"पण आपण दीर्घ मुदतच लिहिली होती," भाची म्हणाली.

लिहिली होतीच. एजंटने अर्जाचा कच्चा मसुदा आपल्या भाषेत टाइप करून तपासायला दिला होता. तो आला माझ्याकडे, कारण मी बेचाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली आहेत. घरात मला काना-मात्रा मावशी म्हणतात, अर्थात पाठीमागे. मसुद्यात चौदावी ओळ होती, "दीर्घ मुदत, एका अपत्यासह". भाचीनेच त्यावर रेघ मारली होती. त्या दिवशी भिंगरीला ताप होता आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, आधी तीन महिने एकटी जाऊन बघून ये. संध्याकाळी तिचा मला रडत फोन आला, "मावशी, मी तिला सोडून नाही जाणार. ती रेघ काढून टाक." मी ओळ पूर्ववत केली, शुद्धलेखनाच्या सात चुका सुधारल्या आणि पाकीट चिकटपट्टीने बंद करून दिलं.

म्हणजे कागद माझ्या हातून बरोबर गेला होता. पुढे कुणीतरी ध चा मा केला होता आणि तो कुणी केला हे मला कळल्याशिवाय राहणार नव्हतं.

पासपोर्टसोबत अर्जाची प्रत होती. अठरा पानं, सगळी त्या परक्या भाषेत.

"सही करताना वाचलं नाहीस?" मी विचारलं.

"एवढं कुठे वाचता येतंय मला अजून? एजंट म्हणाला, इथं, इथं आणि इथं. मी केली."

आम्ही शब्दकोश घेऊन बसलो. अकराव्या पानावर अपत्याविषयी एक ओळ होती. एकेक शब्द लावत गेलो तेव्हा तिचा अर्थ लागला.

"अपत्य आजीकडे राहील."

२

आजी म्हणजे भाचीच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई. पण मी एकदम कुणावर बोट ठेवत नाही. आधी कागदाचा प्रवास पाहायचा. माझ्याकडून पाकीट नेलं भाचीच्या दिराने. ते रात्रभर त्यांच्या घरी होतं. सकाळी त्याने ते एजंटकडे पोचवलं.

दीर घड्याळं दुरुस्त करतो. मी दुकानात शिरले तेव्हा तो डोळ्याला भिंग लावून एका बारीक चाकाशी झटापट करत होता.

"पाकीट उघडलं होतंस का?" मी विचारलं.

"मावशी, तुम्ही पट्टी अशी लावता की उघडायला कात्री लागते. मी कशाला उघडू?"

"रात्रभर कुठे होतं?"

"जेवणाच्या टेबलावर. सकाळी उचललं आणि दिलं."

"मध्ये कुणी हात लावला?"

त्याने भिंग काढलं. ते पुसलं, पुन्हा पुसलं. एवढं पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"आईनं हातात घेतलं होतं," तो म्हणाला. "उलटंसुलटं करून पाहिलं. मी म्हटलं, आई, ते वहिनीचे कागद आहेत. तर म्हणाली, माहीत आहे. मग मी झोपायला गेलो."

"सकाळी पट्टी जागेवर होती?"

"तेवढं मी पाहिलं नाही."

"भिंगरीनं जावं असं तुला वाटतं?"

"मला वाटून काय होणार? घर ओस पडेल एवढं नक्की." मग त्याने मान वर केली. "मावशी, आईवर उगीच संशय घेऊ नका. ती तोंडानं बोलते, हातानं काही करत नाही."

आपला तो बाब्या, तशी आपली ती आई. मी तिथून एजंटकडे गेले.

३

एजंटच्या कचेरीत भिंतीवर झेंडेच झेंडे होते आणि त्यांच्या मधोमध पाटी होती, "स्वप्न तुमचं, जबाबदारी आमची". ती वाचत दीड तास बसायला लागलं. जबाबदारीला वेळ नव्हता.

"आपण अर्जदार का?" एजंटने शेवटी विचारलं.

"मी तिची मावशी. मला तो तपासलेला मसुदा बघायचा आहे."

"मूळ कागद अर्जदारालाच दाखवता येतात. गोपनीयतेचा नियम आहे."

"अठरा पानं एका बाईला न समजावता तिची सही घ्यायची, त्याला नियम नाही का?"

"आम्ही कागदावर असतं तेच भरतो, मॅडम. आमच्याकडून चूक होत नाही."

आपल्याकडून चूक होत नाही असं म्हणणारा माणूस मला कधीच सहन झालेला नाही. छापखान्यात असे तीन लेखक होते आणि तिघांचीही प्रुफं रक्तबंबाळ होऊन परत जायची. "चूक झालीय," मी म्हणाले, "आणि एका पोरीची आई तिच्यापासून तुटतेय. तुम्हाला त्याचं काही वाटत नाही?"

"वाटून काय करणार? नवीन अर्ज भरू. चार महिने लागतील." एवढं बोलून त्याने पुढच्या माणसाला हाक मारली.

मी तणतणत बाहेर आले. जिन्यात मागून चपलांचा आवाज आला. त्यांची टायपिस्ट होती, हातात पाण्याची रिकामी बाटली.

"काकू, साहेबांना सांगू नका," ती म्हणाली. "पण आम्ही खरंच काही बदललं नाही. ती ओळ खोडलेलीच होती. आणि बाजूला तुमच्या घरच्याच कुणीतरी लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतं?"

"राहू द्या."

४

मला आणखी पुरावा नको होता. "राहू द्या की पोरीला माझ्याकडे." हे वाक्य विहीणबाई गेल्या दोन महिन्यांत माझ्यासमोर निदान दहा वेळा बोलल्या होत्या. चहा घेताना, पाय चेपताना, भिंगरीची वेणी घालताना. अर्जावर लिहिलं होतं, अपत्य आजीकडे राहील. पाकीट रात्रभर आजीच्या टेबलावर होतं. कागदावर आजीचेच शब्द होते. आता आणखी काय हवं?

मी गेले तेव्हा विहीणबाई खिडकीशी बसून स्वेटर विणत होत्या. भिंगरीच्या मापाहून चांगला चार बोटं मोठा. पोर इथेच वाढणार हे धरूनच चाललं होतं सगळं, असं मला वाटलं आणि होता नव्हता तो धीर सुटला.

"विहीणबाई," मी म्हणाले, "ती चौदावी ओळ तुम्ही खोडलीत."

सुया थांबल्या.

"तुमच्या मुलाच्या माघारी या मुलीनं तीन वर्षं तुमचं घर सांभाळलं. रात्री जागून नोकरी केली, दिवसा तुमची औषधं आणली. आणि तुम्ही तिच्या पाठीमागे पाकीट उघडून तिच्या लेकीला तिच्यापासून तोडलंत. लाज नाही वाटली?"

भाची स्वयंपाकघरातून दारात आली. "आई, तुम्ही?" ती एवढंच म्हणाली.

विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा पांढरा पडला होता. निर्दोष माणूस आधी नाही म्हणतो. त्या नाही म्हणाल्या नाहीत.

"माझं अक्षर कधी पाहिलंय का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आधी कागद आणा. आरडाओरडा मागून करा." आणि पुन्हा विणायला लागल्या. दोन टाके सुटले ते त्यांना दिसले नाहीत, मला दिसले.

५

दुसऱ्या दिवशी मी अर्जदारालाच घेऊन गेले. आता एजंटला नियमाचा आडोसा नव्हता. त्याने तोंड वाकडं करून टायपिस्टला फाइल आणायला सांगितलं.

तिने मसुदा टेबलावर पसरला. चौदावी ओळ होती. त्यावर भाचीची निळी रेघ होती. रेघेखाली बारीक लाल टिंबांची ओळ होती आणि समासात लाल शाईने लिहिलं होतं, "राहू द्या".

अक्षर उजवीकडे झुकलेलं. "द्या"चा काना लांब, शेवटी बारीक आकडा. मी ते अक्षर कुठेही ओळखलं असतं. बेचाळीस वर्षं ते मी रोज पाहत आले होते.

ते माझं अक्षर होतं.

६

मी खुर्ची ओढून बसले.

गोष्ट सरळ आहे. छापखान्यात एखादा शब्द चुकून खोडला गेला आणि तो परत हवा असेल, तर आम्ही त्याखाली टिंबं देतो आणि समासात लिहितो, राहू द्या. म्हणजे खोडू नका, मजकूर आहे तसा राहू द्या. खिळे जुळवणारा जुळारी ते बघतो आणि ओळ ठेवतो. मी आयुष्यभरात हे हजारो वेळा लिहिलं असेल आणि एकदाही कुणी चुकीचं वाचलं नाही, कारण वाचणारे सगळे छापखान्यातले होते.

"ही टिंबं कसली वाटली तुला?" मी टायपिस्टला विचारलं.

"मला वाटलं, पेन झटकलंय."

"आणि राहू द्या?"

"काकू, तुम्हाला कुणी अजून एक पोळी वाढायला लागलं तर तुम्ही काय म्हणता? राहू द्या. म्हणजे नको. ओळ खोडलेली आणि वर लिहिलंय राहू द्या. मी काढून टाकली." ती घाबरून साहेबांकडे बघत होती. "ती काढली की कॉम्प्युटर आपोआप अल्प मुदत घेतो."

"मग आजीकडे राहील हे कुठून आलं?" भाचीने विचारलं.

ते एजंटने भरलं होतं. अर्जातली अपत्याची जागा कोरी ठेवता येत नाही. मसुद्यात कुटुंबाच्या यादीत आजी होती, एकाच घरात राहणारी. त्यात समासातलं राहू द्या त्याने तिसऱ्याच अर्थाने वाचलं, पोरीला इथे राहू द्या. त्याच दोन शब्दांचे आम्ही तिघांनी तीन अर्थ केले होते आणि तिघांनाही आपलाच बरोबर वाटला होता.

एजंट खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे चूक तुमचीच निघाली, मॅडम."

"माझी आहेच," मी म्हणाले. "पण आता माझं ऐका. या मुलीनं लेकीचा पासपोर्ट तुमच्या हातात दिला होता. ज्या आईला लेक न्यायची नाही ती पासपोर्ट कशाला देईल? तो तुम्ही ड्रॉवरमध्ये टाकून ठेवलात. एक फोन करून विचारता आलं असतं, बाई, नक्की काय? तेही केलं नाहीत."

"गिऱ्हाइकाला प्रश्न विचारत बसलो तर दिवसाला चार अर्ज होतील," तो म्हणाला.

"मग चारच करा. मी माझी चूक लिहून देते. तुम्ही तुमची लिहून द्या."

"आम्ही असं काही लिहून देत नाही."

टायपिस्ट उठली. तिने एक कोरा कागद घेतला, काय वाचलं आणि काय भरलं ते सहा ओळींत लिहिलं, खाली सही केली आणि माझ्या हातात दिला. तिच्या साहेबाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कागदात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्यांना हात लावला नाही.

७

वकिलातीत सात खिडक्यांवरून फिरवल्यानंतर सांगण्यात आलं की मूळ कागद आणि दोन्ही कबुल्या चालतील. पण अर्जात आजीचं नाव आलं आहे. अपत्य आजीकडे राहणार असं एकदा लिहून दिलंत, आता नाही म्हणता. तेव्हा आजीनेच समोर येऊन बोलायला हवं.

म्हणजे जिला मी चोर ठरवलं तिच्याच दारात मला जायचं होतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात माझी हयात गेली होती आणि स्वतःचं मुसळ मी लाल शाईने लिहून ठेवलं होतं.

विहीणबाई त्याच खिडकीशी होत्या. दीरही घरी होता.

"मी चुकले," मी म्हणाले. हे दोन शब्द मी मोठ्याने याआधी कधी बोलले होते ते मला आठवत नाही.

"ते राहू द्या," विहीणबाई म्हणाल्या.

"कुठल्या अर्थानं?" मी विचारलं. दिराला ठसका लागला.

"लगेच माफ केलं, या अर्थानं नाही."

मी मान हलवली. ते बरोबरच होतं. मग मला राहवलं नाही. "त्या दिवशी मी एवढी ओरडत होते, तर तुम्ही नाही का म्हणाला नाहीत?"

त्यांनी विणकाम मांडीवर ठेवलं. "पाकीट हातात घेतलं तेव्हा उघडायचं मनात आलं होतं. पट्टीचा एक कोपरा नखानं उचकटलासुद्धा. मग चेपून परत बसवला. तुम्ही बोलत होता तेव्हा मला वाटलं, आळ अगदीच खोटा नाही." मग स्वेटर उचलून त्या म्हणाल्या, "तिकडे थंडी फार असते म्हणे. दोन हिवाळे पुरायला हवा म्हणून स्वेटर मोठा घेतलाय."

त्यांनीच विचारलं, "वकिलातीत किती वाजता जायचं?"

८

अधिकारी तरुण होता, सभ्य होता आणि त्याला आमची भाषा अजिबात येत नव्हती. शेजारी दुभाषा बसला होता. पलीकडे भाची, हातात भिंगरीचा पासपोर्ट घट्ट धरलेला.

अधिकाऱ्याने कागद चाळले, टिंबांकडे बराच वेळ पाहिलं आणि काहीतरी विचारलं.

"साहेब विचारतात," दुभाषा म्हणाला, "नातीनं आईसोबत जावं अशी आपली इच्छा आहे का?"

"नाही," विहीणबाई म्हणाल्या.

दुभाषा थबकला. भाचीने डोळे मिटून घेतले. एवढं सगळं करून शेवटी इथेच, मला वाटलं.

"असं काय विचारता?" विहीणबाई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या आणि मी त्यांना याआधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. "माझ्या मुलाचं आता तेवढंच उरलंय. ती लांब जावी अशी माझी इच्छा कशी असेल? आणि आहे म्हटलं तर ते खोटं होईल. खोटं लिहून एकदा एवढं रामायण झालंय. इच्छा विचारू नका. हरकत आहे का ते विचारा."

दुभाष्याने सगळं सांगितलं. त्याला वेळ लागला. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि या वेळी विहीणबाईंकडे बघत विचारलं.

"आपली हरकत आहे का?"

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "लेक तिची आहे, माझी नाही. लिहा, हरकत नाही. आणि इच्छा नाही तेही लिहा."

दोन्ही लिहिलं गेलं. दुभाष्याने कागद आमच्या भाषेत वाचून दाखवला, अक्षर न् अक्षर. विहीणबाईंनी सही केली. अधिकारी त्यांना दारापर्यंत सोडायला उठला.

नऊ दिवसांनी दोन्ही पासपोर्ट परत आले. निघायला चार दिवस होते. एजंटविरुद्धची माझी तक्रार अजून कुठल्यातरी टेबलावर पडून आहे आणि मी दर सोमवारी फोन करते. टायपिस्टला त्याने काढून टाकलं. ती आता आमच्या जुन्या छापखान्यात अक्षरजुळणी करते.

भाचीने पासपोर्ट आधी सासूबाईंच्या हातात दिले. त्यांनी नातीचं पान उघडलं. दीर्घ मुदत, दोन वर्षं.

"दोन वर्षांनी यायचंच ना?" त्यांनी विचारलं.

"ही मुदत पुढे वाढवता येते, आई," भाची म्हणाली आणि लगेच तिला ते बोलल्याचं वाईट वाटलं.

विहीणबाईंनी पासपोर्ट माझ्याकडे दिला. "तुम्ही बघा एकदा. काही चुकलेलं नाही ना?"

मी नाव पाहिलं, जन्मतारीख पाहिली, मुदत पाहिली. एकेक अक्षर सावकाश, दोनदा. कुठेतरी काहीतरी चुकलेलं निघावं असं त्या क्षणी मलाही वाटलं.

"नाही," मी म्हणाले. "सगळं बरोबर आहे."

"बरं," त्या म्हणाल्या आणि भिंगरीचे कपडे भरायला आत गेल्या.